ग्रॅज्युएशनला ४७.८ टक्के, आणि एज्युकेशनमध्ये एम.ए. करायचंय

पत्र:

नमस्कार ताई, मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारला राहते, वय २७. बी.एस्सी. केमिस्ट्री केलंय पण ४७.८ टक्केच आहेत आणि दोन एटीकेटी होत्या. सेकंड इयरला बाबांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा न्यायला लागायचं, भाऊ लहान होता, कॉलेज जवळजवळ सुटलंच. बारावीला ६१ होते. नंतर थोडे दिवस एका कंपनीच्या लॅबमध्ये होते आणि आता चार वर्षं एका संस्थेत वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते, गेल्या वर्षापासून नवीन ताईंचं ट्रेनिंग पण माझ्याकडेच आहे. परवा त्यांना ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिणाऱ्या मुलांबद्दल सांगत होते तर सगळ्या म्हणाल्या, आमच्याकडे पण असंच करतात. मला यातच पुढे शिकायचंय. बी.एड.ची चौकशी केली तर ५० टक्के पाहिजेत म्हणाले. एक एजंट म्हणतो दुसऱ्या राज्यात होऊन जाईल, जायची पण गरज नाही. एक कन्सल्टंट म्हणतो अमेरिकेला एम.एड. करा, तिथे मार्कांचं टेन्शन नाही. आई म्हणते आता शिकायचं वय गेलं. मार्कशीट काढली की मलाच लाज वाटते. फॉर्ममध्ये एटीकेटी लपवता येतील का? मला कोणी घेईल का?

उत्तर:

अगं घेतील. सगळीकडे नाही घेणार, आणि ज्या दारावर तू आधी जाऊन आलीस तिथे तर आत्ता नाहीच घेणार, पण एज्युकेशनमध्ये पोस्ट ग्रॅज्युएशन करायचे जे दोन-तीन रस्ते आहेत त्यातला एक तुझ्यासाठी आज, आहे त्या मार्कांवर उघडा आहे. त्यामुळे आधी जरा श्वास घे आणि मग पुढचं वाच, कारण मला वाटतं तू चुकीच्या ठिकाणी चौकशी केलीस आणि तिथे नाही म्हणाले म्हणून सगळीकडेच नाही असं धरून बसलीस.

पहिला प्रश्न मीच तुला विचारते. तुला शाळेत शिक्षिका म्हणून लागायचंय, की तू आत्ता जे करतेयस तेच आणखी चांगलं करायचंय, म्हणजे मुलं कशी शिकतात ते समजून घेणं, ताईंना तयार करणं, साहित्य बनवणं, एखाद्या प्रोग्रॅमची जबाबदारी घेणं? तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात "शाळेत नोकरी" हे शब्द कुठेच नाहीत. हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक दोन्ही एकत्र करून टाकतात, शिक्षणात काम करायचंय म्हटलं की लगेच बी.एड. बी.एड. हे शाळेत शिकवायचं लायसन्स आहे असं समज. एम.ए. एज्युकेशन हे लायसन्स नाही, त्याच्यावर तुला सरकारी शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळणार नाही, पण संस्थांमध्ये, ट्रेनिंगमध्ये, अभ्यासक्रम आणि पुस्तकं तयार करण्यात, रिसर्चमध्ये जायचं तर तेच लागतं. आणि त्याला आधी बी.एड. केलेलं असावं लागत नाही. एम.एड.ला लागतं, एम.ए.ला नाही. हा फरक तुला कोणी सांगितलेला दिसत नाही.

आता बी.एड.च्या ५० टक्क्यांचं बघू. हा नियम त्या कॉलेजच्या क्लार्कने काढलेला नाही, एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या कोर्सेसचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, २०१४ च्या रेग्युलेशनमध्ये आहे, आणि तिथे कितीही छान पत्र लिहिलंस, कोणाची ओळख काढलीस, तरी ओपन कॅटेगरीला ४७.८ चे ५० होत नाहीत. राखीव वर्गांना सूट असते, तुला लागू होत असेल तर ती आधी बघ, तू कॅटेगरी लिहिलेली नाहीस. पण त्याच नियमात एक गोष्ट आहे जी खिडकीवर सहसा कोणी सांगत नाही, की ५० टक्के बॅचलर्सला किंवा मास्टर्सला असले तरी चालतात. म्हणजे उद्या तू मास्टर्स केलंस आणि तिथे ५० च्या वर आणलेस तर बी.एड.चं दार परत उघडतं. फक्त मास्टर्स कशात हे महत्त्वाचं आहे, बी.एड.ला शाळेतला विषय निवडून शिकवायची पद्धत शिकायची असते, तेव्हा पुढे बी.एड. करायचंच असं ठरलं तर मास्टर्स शाळेत शिकवतात त्या विषयात करणं जास्त सोपं पडेल, आणि नुसतं एम.ए. एज्युकेशन धरतात का हे जिथे अ‍ॅडमिशन घ्यायचीय तिथे ईमेल करून लेखी उत्तर मागून घे. तोंडी "हो हो चालेल" यावर दोन वर्षं घालवू नकोस. आणि काही सरकारी शाळांच्या जाहिरातीत ग्रॅज्युएशनचेच ५० टक्के मागतात, केंद्रीय विद्यालयाच्या टीजीटीला, म्हणजे ग्रॅज्युएट शिक्षकाच्या जागेला, तसं असतं, ते मास्टर्सने भरून निघत नाही. हे कटू आहे पण आत्ता माहीत असलेलं बरं.

लहान मुलांना शाळेत शिकवायचं असेल तर अजून एक रस्ता आहे, आपल्याकडे अजून पीटीसीच म्हणतात त्याला, म्हणजे डी.एल.एड. त्याला बारावीचे मार्क बघतात आणि तुझे ६१ आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं, तेव्हा त्या वर्गांसाठी बी.एड.च्या मागे धावण्यात तसाही अर्थ नव्हता. त्यानंतर टेट-१, म्हणजे त्या वर्गांची शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागते. हा रस्ता कमी दर्जाचा अजिबात नाही, वाचायला-मोजायला शिकण्याचं सगळ्यात अवघड काम त्याच वर्गांत होतं. पण परत तेच, तुला शाळेत लागायचं असेल तरच.

त्या एजंटला आजच्या आज नाही म्हणून टाक. "जायची गरज नाही" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. एनसीटीईच्या नियमाप्रमाणे बी.एड.ला वर्गाची हजेरी ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपची ९० टक्के लागते, मग न जाता होणारं बी.एड. हे एकतर कागदावर खोटी हजेरी लावून होतं किंवा ते कॉलेज मान्यताप्राप्तच नसतं. आणि टक्के कमी असताना दिलेली अ‍ॅडमिशन नंतर कोणत्याही व्हेरिफिकेशनमध्ये उघडी पडते, तेव्हा पैसे घेणारा माणूस फोन उचलत नाही. ज्या मुलीने चार वर्षं वस्तीत उन्हातान्हात जाऊन खरं शिकवलंय तिने असलं बी.एड. कशाला घ्यायचं गं? मला याचा खरंच राग येतो, कारण हे लोक बरोबर तुझ्यासारख्यांना गाठतात, ज्यांना मार्कशीटची लाज वाटते त्यांना.

अमेरिकेचं. "मार्कांचं टेन्शन नाही" हे खरं नाही. तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी मास्टर्सला ४ पैकी ३ जीपीए मागतात. आपले टक्के सरळ भागाकार करून जीपीए होत नाहीत, क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन करणाऱ्या संस्था एकेक विषय बघून काढतात, त्यामुळे ४७.८ म्हणजे नक्की किती ते कन्सल्टंटने टेबलावर सांगायची गोष्ट नाही. वर तीन वर्षांची बॅचलर्स सगळीकडे धरत नाहीत. कमी जीपीएवर कंडिशनल अ‍ॅडमिशन देणाऱ्या जागा आहेत, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला अमुक ग्रेड आणा मगच पुढे, पण त्यासाठी डॉलरमधली फी भरून आणि घर गहाण टाकून जायचं का हा विचार कर. त्यात एज्युकेशनच्या बहुतेक डिग्र्या स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) येत नाहीत, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायच्या परवानगीचे, ओपीटीचे, १२ महिने मिळतात, स्टेमवाल्यांना वर आणखी २४ मिळतात तसे नाहीत, आणि तिथल्या सरकारी शाळेत शिकवायला त्या त्या राज्याचं वेगळं लायसन्स लागतं. हे सगळं कन्सल्टंट सांगत नाही कारण त्याचं काम अ‍ॅडमिशनपर्यंतच असतं. बाबांची तब्येत, भाऊ, घर हे बघता आत्ता तरी मी तुला हा रस्ता सुचवणार नाही. इथे मास्टर्स चांगलं केलंस, काम चालू ठेवलंस तर पुढे स्कॉलरशिपवर जायचा विचार करता येईल, तेव्हा तुझ्या हातात दाखवायला बरंच काही असेल.

मग उघडं दार कोणतं. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी ओपन युनिव्हर्सिटीचं, एम.ए. एज्युकेशन. त्याला कोणत्याही शाखेचं ग्रॅज्युएशन चालतं, ५० ची अट नाही. जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा अ‍ॅडमिशन होतात, नोकरी सोडावी लागत नाही, आणि यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीची डिस्टन्सची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची, तेव्हा "डिस्टन्सला कोण विचारतं" म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे लक्ष देऊ नकोस. दुसरं, बंगळुरूची अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी, तिथलं दोन वर्षांचं एम.ए. एज्युकेशन. तिथे ग्रॅज्युएशन कोणत्याही विषयातलं चालतं, लेखी परीक्षा असते, इंटरव्ह्यू असतो, आणि घरची परिस्थिती बघून फीमध्ये मदत करतात, पूर्ण फी माफ होण्यापर्यंत. शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या लोकांना तिथे मान आहे, तुझी चार वर्षं तिथे मोजली जातील. टिसनेही (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आता सीयूईटी-पीजीचे, म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएशनच्या देशभरच्या प्रवेश परीक्षेचे, मार्क घ्यायला सुरुवात केलीय, म्हणजे तिथेही नवीन परीक्षा द्यायची संधी आहे. या परीक्षांचे फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात आणि सीयूईटी-पीजी मार्चच्या आसपास असते, तेव्हा दिवाळीनंतर साइट बघत राहायची सवय लाव, आणि प्रत्येक फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, मैत्रिणीने सांगितलेलं मागच्या वर्षीचं नको.

आपल्या गावात राहूनच करायचं असेल तर एकदा एम.एस. युनिव्हर्सिटीच्या फॅकल्टी ऑफ एज्युकेशन अँड सायकॉलॉजीत स्वतः जाऊन ये. अ‍ॅडमिशन आता गुजरातच्या जीकास या एकत्रित अ‍ॅडमिशन पोर्टलवरून होतात, पण फॅकल्टीत जाऊन तिथल्या सरांना-मॅडमना भेटणं वेगळं असतं. तिथलं केस, म्हणजे सेंटर ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन, हे देशातल्या शिक्षणाच्या रिसर्चमधलं जुनं नाव आहे आणि तू रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर राहतेस. तिथे काही सेमिनार असला तर बाहेरच्यांना बसता येतं का विचार, कोणी गणित शिक्षणावर काम करत असेल तर तुझं काम दाखव. सयाजीरावांनी १९०६ मध्ये आख्ख्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, त्याआधी १८९३ पासून अमरेली तालुक्यात करून बघितलं होतं, आणि त्याच गावात आज वस्तीतली मुलं पाचवीला येऊन वजाबाकी चुकतात, हा प्रश्न घेऊन तू त्या इमारतीत जातेयस. खाली मान घालून जाऊ नकोस.

आता लाजेवर येते, कारण मला वाटतं खरा अडथळा तोच आहे. जुनी मार्कशीट आता बदलणार नाही. तू कितीही समजावून सांगितलंस तरी तिच्यावरचा आकडा तोच राहणार, म्हणून तिला समजावण्यात कमीत कमी शब्द घालव आणि तिच्या शेजारी नवीन काय ठेवता येईल त्यावर सगळा जोर लाव. नवीन मार्क आणि नवीन काम, दोनच गोष्टी.

एटीकेटी लपवायची नाही. लपतच नाही, ट्रान्सक्रिप्टवर असते, आणि फॉर्मवर खोटं लिहिलेलं सापडलं तर अ‍ॅडमिशन झाल्यावरही रद्द होते. पण तू मार्कशीटचे सहा फोटो पाठवलेस ते मी नीट बघितले आणि तुला जे दिसलं नाही ते मला दिसलं. पहिल्या दोन सेमिस्टरला ५२ आणि ५०, तिसऱ्या-चौथ्याला ३८ आणि ४०, आणि मग पाचव्याला ५२, सहाव्याला ५५. म्हणजे बाबांचं सुरू झालं तेव्हाच पडले आणि बाबांचं चालू असतानाच परत वर आले. तुझे सगळ्यात जास्त मार्क शेवटच्या सेमिस्टरचे आहेत! हे तू पत्रात लिहिलंच नाहीस, फक्त ४७.८ लिहिलंस. फॉर्ममध्ये जागा असेल तिथे एवढंच लिही: दुसऱ्या वर्षी वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, घरी मीच मोठी होते, त्या दोन सेमिस्टरमध्ये माझे मार्क पडले आणि दोन विषय राहिले, ते मी पुढे पास केले आणि शेवटच्या वर्षी माझे मार्क पहिल्या वर्षापेक्षा वर आहेत. संपलं. माफी मागायची नाही, रडायचं नाही, "माझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळला" असलं लिहायचं नाही. इंटरव्ह्यूत विचारतीलच, तेव्हाही हेच, याच शांतपणे, आणि मग गप्प बसायचं, ते पुढच्या प्रश्नावर जातात.

बाकी सगळी जागा तुझ्या कामाला. आणि इथेच बहुतेक जण वाया घालवतात, मला लहानपणापासून मुलांची आवड आहे, शिक्षक हा समाजाचा पाया आहे, मला बदल घडवायचाय. अशी पानं मी खूप वाचलीत आणि वाचून झाल्यावर ती मुलगी कोण होती ते आठवत नाही. तुझ्याकडे याहून कितीतरी चांगलं आहे आणि तू ते पत्रात एका ओळीत उडवून टाकलंस. ४२ वजा १७ बरोबर ३५.

थांब जरा त्याच्यावर. तो मुलगा असं करतो की २ मधून ७ जात नाहीत, मग ७ मधून २ काढतो, ५. मग ४ मधून १, ३. आले ३५. त्याला ६३ वजा २८ दे, तो ४५ लिहील, आणि प्रत्येक वेळी असंच. म्हणजे तो अंदाजे लिहीत नाहीये, त्याने डोक्यात एक नियम बनवलाय, मोठ्यातून छोटं काढायचं, आणि तो नियम तो अगदी प्रामाणिकपणे पाळतोय. तो नियम त्याला आपणच शिकवला, लहान आकड्यांच्या वजाबाकीत, "मोठ्यातून छोटं जातं" म्हणून. आता अशा मुलाला दहा वेळा तेच गणित घातलं तर तो दहा वेळा चुकतो आणि त्याची चूक पक्की होते. अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशाच ठरलेल्या चुकांवर अभ्यास केला होता, की मुलांच्या चुका कशाही नसतात, त्यामागे पद्धत असते. तू वस्तीत बसून तेच बघितलंस, तेही नाव माहीत नसताना, आणि दुसऱ्या ताईंना विचारून खात्री केलीस की हे एकाच मुलाचं नाही. एज्युकेशनच्या मास्टर्सला येणाऱ्या माणसाकडून याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे असतं?

तेव्हा हे लिही. तो मुलगा कोण (नाव बदलून), कितवीत, त्याने काय लिहिलं, तू आधी काय केलंस आणि ते का चाललं नाही, मग काय केलंस, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले असशील, रबर सोडून दहा काड्या मोकळ्या करायला लावल्या असशील, तुम्ही जे केलं असेल ते, आणि त्यानंतर किती मुलांचं सुधारलं आणि किती जणांचं नाही. नाही सुधारलेल्यांचं नक्की लिही. आणि मग तुला काय कळत नाहीये ते लिही, म्हणजे काड्यांनी बरोबर करणारं मूल वहीत आलं की परत तीच चूक का करतं, हे मला शिकायचंय म्हणून मला हा कोर्स करायचाय. वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही मुलगी वर्गात बसून आलीय. आधी मराठीत लिही, जसं तू ताईंना सांगतेस तसं, मग इंग्रजीत कर. कन्सल्टंटकडून किंवा मोबाइलवरून तयार करून घेऊ नकोस, इंटरव्ह्यूत त्यातलंच एखादं वाक्य उचलून विचारतात.

आजपासून एक वही ठेव. रोज एक चूक, तारीख घालून, मुलाने जसं लिहिलं तसं उतरवून, खाली तुला काय वाटतं ते. वहीच्या पानाचा फोटो काढलास तरी चालेल, मुलाचं नाव झाकून. तीन महिन्यांत तुझ्याकडे जे जमेल ते ६० टक्केवाल्यांकडे पण नसतं.

शिफारसपत्र मागायला कॉलेजच्या सरांकडे जाऊ नकोस, त्यांना तू आठवणार नाहीस आणि ते "शी इज हार्डवर्किंग" लिहून देतील. एखादी युनिव्हर्सिटी कॉलेजचंच पत्र मागत असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हा ज्यांच्याकडे शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकल केलंस त्यांना विचार. नाहीतर तुमच्या संस्थेच्या कोऑर्डिनेटर, आणि ज्या शाळेत तुम्ही जाता तिथले आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, ज्यांनी तुला वर्गात बघितलंय. तीन-चार आठवडे आधी विचार आणि त्यांना एका पानावर लिहून दे की मी कोणत्या कोर्सला करतेय, माझ्याबरोबर तुम्ही अमुक ट्रेनिंग बघितलं होतं, त्याबद्दल लिहाल का. लोकांना मदत करायची असते पण आठवत नाही.

अ‍ॅडमिशन झाली की मग ५० वर समाधान मानायचं नाही. लक्षात ठेवायचा आकडा ५५ आहे. यूजीसी-नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा, द्यायला मास्टर्सला ५५ लागतात, पीएच.डी.लाही ५५, राखीव वर्गांना पाच टक्के सूट. इग्नूला पास व्हायला ४० पुरतात आणि खूप जण तिथेच थांबतात, असाइनमेंट कुठून तरी उतरवून देतात. असाइनमेंटला साधारण ३० टक्के वजन असतं, ते घरी बसून शांतपणे लिहायचं असतं, आणि तुझ्याकडे तर रोजची उदाहरणं आहेत, तिथे मार्क सोडू नकोस. ६० च्या वर ठेवायचा प्रयत्न कर म्हणजे ५५ बद्दल कधी काळजी करायला लागणार नाही. नेट झाली की मग तुझे ग्रॅज्युएशनचे टक्के इंटरव्ह्यूत निघाले तरी लोक पुढचं पान उलटतात.

आत्तापासून वाचायला काय, तर एनसीईआरटीच्या साइटवर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे फोकस ग्रुपचे पेपर फुकट आहेत, त्यातला गणित शिकवण्यावरचा पहिला वाच, गणिताची भीती आणि नापास होणं यावर तो सरळ बोलतो. हिंदीतही मिळतो. २०२० चं शिक्षण धोरण आणि त्यानंतरचा २०२३ चा शालेय आराखडा निदान चाळून ठेव, इंटरव्ह्यूत विचारतात. बालशिक्षणावर लिहिणारे गिजुभाई बधेका गुजरातीत वाच, तुला गुजराती येतं हे किती मोठं भाग्य आहे, आणि त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक मराठीत वाच, या दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला होता. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी आणि गुजराती दोन्ही पुस्तकं आहेत, मेंबर नसलीस तर हो. मी म्हणेन रविवारी सकाळी दोन तास तिथेच बसायचं, घरी तुला कोणी वाचू देणार नाही, दारावरची बेल वाजली की तूच उठशील.

आईचं. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी नवऱ्याचं आजारपण काढलंय, त्यांना मुलीचं काहीतरी पक्कं झालेलं बघायचंय, आणि "अजून दोन वर्षं शिकणार" हे ऐकलं की त्यांना ते अजून लांबलेलं वाटतं. त्यांना वादात पटवू नकोस. एकदा त्यांना वस्तीवर घेऊन जा, अर्धा तास मागे बसव आणि तू शिकव. आणि पैशांचं सरळ सांग, की इग्नूला नोकरी चालू राहणार, फी मी माझ्या पगारातून भरणार, बंगळुरूचं झालं तर फीची मदत मिळाली तरच जाणार. आकडे कागदावर लिहून दाखव. आपल्या घरांत आयांना भविष्याबद्दल भाषण नको असतं, महिन्याला किती जाणार आणि बाबांना डायलिसिसला कोण नेणार हे हवं असतं. भाऊ आता मोठा झाला असेल ना? त्याच्याशी आधी बोल, आठवड्यातले दोन दिवस त्याने घ्यायचे असं ठरव, तू नाही मागितलंस तर तो आपणहून नाही देणार.

माझ्या मते या वर्षी दोन्ही कर. जुलैच्या सेशनला इग्नू भर आणि हिवाळ्यात अझीम प्रेमजी आणि सीयूईटी-पीजी दोन्हीचे फॉर्म भर. तिकडे नाही झालं तरी इग्नू चालूच आहे, तुझं वर्ष वाया जाणार नाही, आणि झालं तर तेव्हा ठरवू.

आणि हो, फॉर्म उघडायच्या आधी एक काम करून ठेव जे नेहमी शेवटच्या दिवशी रडवतं. आपल्याकडे गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर कधी शेवटी असतं, आणि मराठी आडनावांचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं, कुठे शेवटी एक ए जास्त, कुठे कमी. तुझी दहावी, बारावी, डिग्री, आधार आणि बँकेचं पासबुक सगळं एकत्र काढून नाव जुळवून बघ. जुळत नसेल तर आताच अफिडेव्हिट करून घे किंवा आधार दुरुस्त कर. ट्रान्सक्रिप्टला पण वेळ लागतो, त्याचा अर्ज या महिन्यातच टाक आणि दोन जास्तीच्या कॉपी माग. वहीतली पहिली वीस-पंचवीस पानं झाली आणि ते एक पान लिहून झालं की मला पाठव, मी वाचून काय खटकतं ते सांगेन.